केबल धरणार कोण?

इंजिनिअरिंगच्या किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट परीक्षेत एक वाक्य हमखास ऐकू येते: "सर, काल रात्रीपर्यंत चालत होतं." परीक्षकांना ती थाप वाटते. बहुतेक वेळा ते खरे असते. काल रात्री सर्किट चालत होतेच. सकाळी ते खोक्यात घालून स्कूटरवर पायाशी ठेवले, चार-सहा स्पीडब्रेकरवरून आणले, प्रयोगशाळेतल्या टेबलावर जरा जोरात टेकवले आणि या सगळ्यात कुठली तरी तार केसभर सरकली. मग धावपळ सुरू होते. प्रोग्रॅम पुन्हा चढवला जातो, आयसी बदलून पाहिली जाते, पॉवर सप्लायला शिव्या बसतात. दोन बोर्डांना जोडणारी रिबन केबल मात्र हवेत लोंबकळत असते आणि तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. या केबलला जागच्या जागी धरून ठेवणारी क्लिप, पट्टी किंवा क्लॅम्प हा सर्किटचाच एक पार्ट आहे, असे माझे म्हणणे आहे. रेझिस्टरइतक्याच गांभीर्याने तो निवडायला, विकत घ्यायला आणि तपासायला हवा. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षणात आणि हौशी कामात तो शेवटच्या रात्री आठवतो, किंवा आठवतच नाही.

मुळात ही केबल काय चीज आहे ते जवळून पाहिले पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'एफआरसी' म्हणून मागतात ती हीच. एकमेकींना चिकटलेल्या दहा, सोळा, सव्वीस, चाळीस तारा, शेजारच्या दोन तारांत मध्यापासून मध्यापर्यंत १.२७ मिलिमीटर अंतर, आणि पहिली तार ओळखू यावी म्हणून एका कडेला लाल रेघ. तारा सोलायच्या नाहीत, सोल्डरिंग करायचे नाही. केबल कनेक्टरमध्ये सरकवून व्हाइसमध्ये दाबली की कनेक्टरचे बेचक्याच्या आकाराचे दाते सगळ्या तारांवरचे प्लास्टिक एकदम कापतात आणि आतले तांबे पकडतात. चाळीस जोडण्या एका दाबात! सोय अशी की माणूस खूश होतो आणि पुढचा विचार करायचे विसरतो. तो मात्र करायला हवा, कारण नेहमीच्या एफआरसीत प्रत्येक तारेच्या आत तांब्याचे सात धागे असतात आणि एकेका धाग्याची जाडी ०.१३ मिलिमीटरच्या आसपास असते. केबल अगदी सरळ ओढली तर ताण सगळ्या तारांत वाटला जातो. पण सरळ ओढतो कोण? डब्याचे झाकण उघडताना केबल तिरकी ओढली जाते आणि तिरक्या ओढीत जवळजवळ सगळा भार कडेच्या एक-दोन तारांवर पडतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या ४० पिनांच्या हेडरवर लाल रेघेकडच्या पहिल्या दोन पिना नेमक्या ३.३ व्होल्ट आणि ५ व्होल्टच्या आहेत. म्हणजे केबलची जी कड सगळ्यात आधी दगा देणार, तिच्यावरच बोर्डाचा किंवा सेन्सरचा श्वास अवलंबून. अशा वेळी सर्किट सरळ मरत नाही. ते मधूनच रिसेट होते, मधूनच उलटसुलट आकडे दाखवते, आणि बिघाड नेमका कुठे आहे याचा पत्ता लागू देत नाही.

तार न तुटताही हे होऊ शकते. पिना आणि त्यांच्यावर बसणारे संपर्क यांना बऱ्याचदा कथिलाचा मुलामा असतो. लोंबती केबल पंख्याच्या वाऱ्याने, मोटरच्या कंपनाने सतत थोडीथोडी हलत राहिली की हा मुलामा घासला जातो, घासलेल्या कथिलावर ऑक्साइडचा थर साचतो आणि संपर्काचा रोध वाढत जातो. कनेक्टर काढून पुन्हा बसवला की थर खरवडला जातो आणि सर्किट चालू. "हात लावला की चालतं" या चमत्कारामागचे एक कारण हे आहे. एफआरसी कनेक्टरच्या डोक्यावर बसणारी एक छोटी आडवी पट्टी मिळते. केबल उलटी दुमडून तिच्याखालून घेतली की ओढ दात्यांपर्यंत पोहोचतच नाही, वरच्या घडीवरच थांबते. ही पट्टी पुष्कळदा वेगळी विकली जाते, किंवा कनेक्टरसोबत येऊनही पिशवीत पडून राहते.

केबल हलणे हाच दोष, असे मात्र नाही. इंकजेट प्रिंटरचे झाकण उघडून पाहा. शाईचे हेड डावीकडून उजवीकडे धावते आणि त्याच्यामागे एक पांढरी चपटी केबल सतत वळत, उलगडत जाते. प्रिंटरच्या आयुष्यात ती किती वेळा वळत असेल याचा अंदाज करा. तरीही बहुतेक प्रिंटर शाईपायी किंवा रोलरपायी भंगारात जातात, या केबलपायी क्वचितच. तिची दोन्ही टोके घट्ट धरलेली असतात. मधल्या भागाला वळायला जागा दिलेली असते आणि ते वळण किती मोठे राहील हे आधीच ठरलेले असते, म्हणून वाकणे एकाच रेषेवर साचत नाही. कनेक्टरच्या तोंडाशी तर अजिबात साचत नाही. कुणीतरी बसून ठरवले की केबलने इथे हलायचे आणि इथे हलायचे नाही, आणि तो निर्णय प्लास्टिकच्या एका खाचेत आणि एका क्लिपेत उतरवला. प्रोजेक्टच्या डब्यात हा निर्णय कुणीच घेत नाही, म्हणून तो झाकणाच्या बिजागरीला घ्यावा लागतो.

हा निर्णय चुकला तर जगातल्या श्रीमंत कंपन्याही तोंडावर पडतात. ॲपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोचा नवा सडपातळ अवतार आणला. त्यात पडद्याकडे जाणारी पातळ चपटी केबल बिजागरीपाशी एका बोर्डावर वळसा घालून बसवली होती. लॅपटॉप उघडला की केबल ताणली जायची, बोर्डावर घासायची. काही महिन्यांनी, काहींच्या बाबतीत दोन वर्षांनी, पडद्याच्या तळाशी उजेडाचे पट्टे दिसू लागले, आणि पुढे तर पडदा ठरावीक कोनापलीकडे उघडला की अंधार. वरून केबल पडद्याच्याच भागात गुंफलेली, म्हणजे एका स्वस्त तुकड्यासाठी अख्खा पडदा बदलायचा. दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या आयफिक्सिटने जानेवारी २०१९ मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ॲपलला १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. मजेची गोष्ट म्हणजे २०१८ च्या मॉडेलमध्ये ही केबल गुपचूप दोन मिलिमीटरने लांब झालेली आढळली. प्रोसेसरवर, पडद्यावर, बॅटरीवर अभियांत्रिकीची एवढी शर्थ केल्यावर घोडे अडले ते केबलला ढील किती द्यायची इथे.

दुसरे उदाहरण रिबन केबलचे नाही, पण त्याच घराण्यातले आहे. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरातून निघालेले 'डाली' हे मालवाहू जहाज वीज जाऊन भरकटले आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला, पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय असल्यामुळे आपल्याकडेही ती बातमी बरेच दिवस गाजली. तपास यंत्रणेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जे सांगितले त्याला तितकी जागा मिळाली नाही. एका तारेवरची लेबलाची पट्टी अशा जागी बसली होती की तार टर्मिनलच्या स्प्रिंगच्या पकडीत पूर्ण शिरलीच नव्हती. ती जोडणी ढिली पडली आणि पहिल्यांदा वीज गेली. एवढ्या मोठ्या अपघाताला कारणे अनेक असतात, या अपघातालाही होती, आणि त्याची विद्यार्थ्याच्या डब्याशी बरोबरी करणे बरे दिसत नाही. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. इथे घात केला तो तारेवर चढवलेल्या एका किरकोळ वस्तूने, तीही चांगल्या हेतूने चढवलेल्या. तेव्हा केबलला काहीतरी बांधले की झाले, असे समजून चालत नाही. काय बांधले आणि कुठे, हा खरा प्रश्न आहे.

आता नेमके काय वापरायचे? पहिला विचार केबल टायचा येतो, आणि रिबन केबलसाठी तोच सगळ्यात वाईट. टाय गोल जुडग्यासाठी बनलेला आहे. चपट्या केबलभोवती तो आवळला की केबल गुंडाळली जाते, दुमडते आणि कडेच्या तारा टायच्या धारेखाली चेपतात, म्हणजे ज्या तारा वाचवायच्या त्यांनाच शिक्षा. चपट्या केबलला चपटी पकड लागते. बाजारात त्यासाठी खास क्लिपा असतात. खाली चिकटपट्टी किंवा स्क्रूचे भोक, वर एक जीभ, जी केबलवरून येऊन पलीकडे अडकते. माप काढणे सोपे आहे. तारांची संख्या गुणिले १.२७, आणि त्याहून किंचित मोठी क्लिप. सोळा तारांची केबल २०.३२ मिलिमीटर रुंद, चाळीस तारांची ५०.८. चिकटपट्टीवाली क्लिप घेतली तर तिचा स्वभाव समजून घ्यायला हवा. पृष्ठभागाला समांतर ओढले तर ती चांगली तग धरते, कडेकडून सोलल्यासारखे ओढले तर भराभर सुटते. तेव्हा केबलची ओढ कोणत्या दिशेने येणार ते पाहूनच ती लावायची. डब्याचा तळ आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, क्लिप दाबून धरायची आणि मग थांबायचे. थ्रीएम आपल्या व्हीएचबी टेपला खोलीच्या तापमानात पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास धरते. आपल्याकडे रात्री अकराला चिकटवून सव्वाअकराला केबल ओढून बसवतात आणि मग टेपला नावे ठेवतात. क्लिप नाहीच मिळाली तर ॲक्रिलिकची एक पट्टी, तिला दोन टोकांना एम-३ स्क्रूची भोके, पट्टीखाली पातळ रबर किंवा फोम, आणि स्क्रू फार आवळला तरी केबल चेपू नये म्हणून दोन्हीकडे एकेक वॉशर. कडा मात्र घासून गोल करायच्या. पहिली पकड कनेक्टरच्या जवळ, दोघांच्या मध्ये थोडी ढील, म्हणजे केबलला हिसका बसला तरी कनेक्टरला कळतही नाही. केबल झाकणावर जाणार असेल तर ती बिजागरीच्या बाजूने न्यायची, उघडणाऱ्या बाजूने नाही. इतके साधे आहे हे, आणि तरी दहातले नऊ डबे उलट बाजूने जोडलेले दिसतात.

ही वस्तू सापडत का नाही, याचे एक कारण दुकानांच्या मांडणीत आहे. डिजी-की, माउझर, एलिमेंट१४ यांच्या कॅटलॉगमध्ये रिबन केबल आणि तिचे कनेक्टर एका विभागात असतात आणि तिला धरणाऱ्या क्लिपा वेगळ्याच विभागात, केबल टाय, वायर सॅडल, ग्रोमेट यांच्या शेजारी. कनेक्टर शोधणारा माणूस तिथे फिरकत नाही. गल्लीत तर दोन वेगळी दुकानेच असतात; इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणतो हार्डवेअरवाल्याकडे बघा, हार्डवेअरवाला खिळ्याची सॅडल पुढे करतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. जे मागितले जात नाही ते तो ठेवणार नाही. आणि जे कधी शिकवलेच नाही ते कुणी मागणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ग्लू गन आहे की! हॉट ग्लू झटपट आहे, स्वस्त आहे आणि टेबलावर अचल पडून राहणाऱ्या वस्तूला पुरतोही, हे मान्य. पण गुळगुळीत पीव्हीसीवर आणि धातूवर त्याची पकड मुळातच कच्ची, आणि ऊन लागले की तो मऊ पडतो. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. तिथे शेतात बसवलेल्या बंद डब्याच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. शेतीसाठी, पाण्याच्या मोटरसाठी, हवामान मोजण्यासाठी केलेले प्रोजेक्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या कॉलेजांत भरपूर असतात, आणि त्यांचा खरा परीक्षक उन्हाळा असतो. शिवाय ग्लूने जोडलेले काढताना पिना वाकतात, केबलचे प्लास्टिक ओरबाडले जाते. (ज्यांनी लावला आहे त्यांनी निदान काढताना कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडावेत, तो बराचसा निखळून येतो.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे तर नमुने आहेत, चार दिवसांनी सुटे होणार, त्यांना कारखान्याची शिस्त कशाला? कल्पना तपासायची असेल तेव्हा ब्रेडबोर्ड आणि लोंबत्या तारा हेच योग्य साधन आहे, यात वाद नाही. पहिल्याच दिवशी क्लॅम्प लावायला बसणारा मुलगा काही शिकणार नाही. पण ज्या क्षणी वस्तू टेबलावरून उचलली, डब्यात घातली आणि दुसऱ्या गावी न्यायचे ठरवले, त्या क्षणी ती नमुना राहिली नाही. तिला प्रवास करायचा आहे. तिच्याबद्दल काढलेला निष्कर्षही या प्रवासातून जाणार आहे. सेन्सरचे आकडे चुकले ते सेन्सर वाईट म्हणून, की केबल हलली म्हणून, हे कळायला मार्ग नसेल तर प्रयोगच फुकट गेला. तिसरे म्हणणे असे की आता एफआरसी वापरतो कोण, सगळे वायरलेस किंवा चार तारांचे झाले. एफआरसी मागे पडली हे खरे. तिची जागा घेतली ती आणखी पातळ, आणखी नाजूक पट्ट्यांनी. रास्पबेरी पायच्या कॅमेऱ्याची नेहमीची पट्टी १५ संपर्कांची, एक मिलिमीटर अंतराची. पाय झीरो आणि पाय ५ वर ती २२ संपर्कांची, अर्ध्या मिलिमीटरची. ती बसते नखाएवढ्या कनेक्टरमध्ये, ज्याची कडी वर करून पट्टी सरळ आत घालायची आणि कडी खाली दाबायची असते. इथे पट्टीवर कॅमेऱ्याचे वजन लोंबत ठेवणे म्हणजे संकट बोलावणे. गरज कमी झाली नाही, वाढली आहे.

उघडपणे कुणी बोलत नाही असा एक आक्षेप मात्र मला सगळ्यात खुपतो. तार बांधणे हे वायरमनचे काम, इंजिनिअरने डिझाइन करावे, ही ती समजूत. आपल्या जुन्या वाड्यांतले वायरिंग आठवा. लाकडी पट्टी, तिच्यावर ठरावीक अंतराने ठोकलेल्या पत्र्याच्या क्लिपा, कोपऱ्यात व्यवस्थित वळवलेली तार. पन्नास-पन्नास वर्षे ते टिकले. ज्याने ते केले त्याला ओहमचा नियम कदाचित सूत्रात मांडता आला नसता, पण तार धरल्याशिवाय काम पुरे होत नाही हे त्याच्या हाताला माहीत होते. तेच ज्ञान आपण वर्गाबाहेर ठेवले. अंतराळयाने पाठवणाऱ्या नासाने मात्र केबल, हार्नेस आणि क्रिम्पिंगसाठी ८७३९.४ क्रमांकाचे स्वतंत्र मानक ठेवले. केबल आणि हार्नेसच्या जोडणीसाठी उद्योगात चालणाऱ्या आयपीसी ए-६२० या मानकात एफआरसीसारख्या दाबून केलेल्या जोडण्यांना एक प्रकरण आहे, आणि केबल बांधून ठेवण्याला दुसरे. आपल्या चाकण पट्ट्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणारे कारखाने आहेत. हार्नेस बनतो तो मोठ्या आडव्या फळीवर, आणि तारेची वाट, तिचे फाटे, क्लिपांच्या जागा त्या फळीवर आधीच आखलेल्या असतात. पदविका घेतलेली मुले अशा ठिकाणी नोकरीला लागतात तेव्हा क्लिपेची जागा हे मोजून ठरवण्याचे काम असते हे त्यांना पहिल्यांदा कळते.

तेव्हा करायचे काय? मोठा अभ्यासक्रम बदलायला नको, बैठका नकोत. सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा केली आहे. या लॅबसाठी जी खरेदी होईल, तिच्या यादीत सेन्सर आणि मोटर यांच्या ओळींखाली आणखी एक ओळ टाकावी: चपट्या केबलच्या क्लिपा तीन मापांत, कनेक्टरवरच्या ताण घेणाऱ्या पट्ट्या, एम-३ चे स्क्रू, स्पेसर आणि वॉशर. एकूण खर्चात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान असेल. खर्चाची सबब इथे चालणार नाही, कारण एक जळालेला बोर्ड यापेक्षा महाग पडतो. आणि कॉलेजांत प्रोजेक्टच्या शंभर गुणांतले पाच गुण वेगळे काढावेत. परीक्षकाने सर्किट चालू असताना डबा उचलावा, तिरका करावा, टेबलावर परत ठेवावा, झाकण दहा वेळा उघडून मिटावे आणि मग पडद्यावरचे आकडे पाहावेत. विद्यार्थी कुरकुरतील, काही प्राध्यापकही कुरकुरतील, की ही परीक्षा इलेक्ट्रॉनिक्सची आहे, डबे हलवण्याची नाही. पहिल्या वर्षी बरेच प्रोजेक्ट यात पडतील. दुसऱ्या वर्षी तपकीर गल्लीतला दुकानदार या क्लिपा काउंटरवर ठेवू लागेल.